कोळवणात रझिया मेलीच नाही

मारुतीभाऊ गेल्याचं मला दूधवाल्यानं सांगितलं, तेही माप पातेल्यात ओतता ओतता. कोळवण खोऱ्यातून मोटारसायकलला कॅन लावून रोज कोथरूडला येणारा हा गडी. एरवी तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि त्या दिवशी सहज म्हणाला, "बाई, मारुतीनाना वारले की. तुमाला ठावं न्हाई व्हय? पंदरवडा झाला." मी त्याच्यावरच डाफरले. पंधरा दिवस रोज माझ्या दारात उभा राहतोस आणि आज सांगतोस? तो बिचारा ओशाळला. "मला वाटलं तुमाला म्हाईत आसंल..." मारुतीभाऊ बैल धुऊन आले, ओट्यावर टेकले, पाणी मागितलं, आणि बायको तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं, एवढंच त्याला ठाऊक होतं. तो गेला, मी दार लावलं. रडू आलं नाही. राग आला. मला त्यांना अजून एक गोष्ट विचारायची होती. ती मी त्यांना गेली बारा-चौदा वर्षं विचारत होते, आणि दर वेळी ते मला वेगळंच उत्तर देत होते.

वाचकांपैकी कुणाला मारुतीभाऊंचं नाव माहीत असायचं कारण नाही. मुळशी तालुक्यातल्या एका वाडीतला हा साधा भातशेतकरी. पण भैरवनाथाच्या जत्रेत जे नाटक व्हायचं, त्यात बायकांची कामं करायची ती यांनीच. गावातली बाई स्टेजवर चढणं तेव्हा शक्यच नव्हतं, आणि पुण्याहून नटी आणायची ऐपत आमच्या मंडळाची नव्हती. नाव मारुती आणि काम सीतेचं, म्हणून अख्खं खोरं त्यांची थट्टा करायचं. "आमचा मारुतीच लंका सोडून अशोकवनात बसतो," असं म्हणत लोक हसायचे आणि मारुतीभाऊ सगळ्यांत आधी हसायचे. अंगानं दणकट, पंजे फावड्यासारखे, आणि मिशी अशी झुपकेदार की जत्रा जवळ आली की ती उतरवताना न्हाव्याचा जीव हळहळायचा. आपल्याकडे माणूस मिशी कधी काढतो? बाप गेला म्हणजे. त्यामुळे दर चैत्रात परगावचा कुणी भेटला की दचकून विचारायचा, "कोन गेलं रं, मारुती?" आणि हे शांतपणे सांगायचे, "कोन न्हाई. मीच चाललोय, सासरी." वडील जिवंत होते तोवर ते दर वर्षी कावायचे, "मी जिता हाय आन् ह्यो मिशी काढून फिरतुया!"

मी त्या खोऱ्यातल्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायला गेले ती सत्तरच्या दशकात, नुकती बी.एड. होऊन. पुण्याची मुलगी, चिखलाची सवय नाही, जीभ तिखट. मला राहायला खोली मिळाली ती मारुतीभाऊंच्या घराला लागून. घर एकत्र होतं. कर्ता थोरला भाऊ, धोंडिबा. बोलायला मोजका, वागायला कडक, आणि जत्रेच्या कमिटीचा अध्यक्ष. मारुतीभाऊ धाकटे. दोघांच्या मधली बहीण हौसाआक्का. नवरा गेला, मूलबाळ नाही, सासरच्यांनी ठेवलं नाही, म्हणून माहेरी परत आलेली. मला पाणी शेंदायला शिकवलं ते आक्कानं. सकाळी दार वाजवून म्हणायची, "उठलाव का बाई? का सूर्यालाच थांबायला सांगू?" त्या खोऱ्यात माझ्या जिभेला जोड मिळाली ती एकाच बाईची.

एका हिवाळ्यात मारुतीभाऊ शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई, तुमी इतिहास शिकवता. आमाला एक नाटक लिवून द्या. पन ज्यात बाई तलवार घेती आसं द्या. दर साली रडून रडून माजा पदर भिजतुया. आता कटाळा आला." मी त्याच आठवड्यात मुलांना रझिया शिकवली होती. दिल्लीच्या सुलतानाची ही मुलगी. मुलगे असूनही बापानं सांगून ठेवलं होतं की माझ्यामागं तख्त हिचं. बाप डोळे मिटतो न मिटतो तोच सरदारांनी तिच्या सावत्र भावाला तख्तावर बसवलं. तेव्हा म्हणे दिल्लीत अन्याय झालेल्या माणसानं रंगीत कपडे घालून बाहेर यायचं, म्हणजे लोकांना कळावं की हा न्याय मागतोय. रझिया लाल वस्त्र घेऊन सगळ्या रयतेसमोर उभी राहिली, बापाच्या शब्दाची आठवण दिली, आणि लोकांनी उठून तख्त तिला मिळवून दिलं. मग तिनं पडदा झुगारला, पुरुषाचा अंगरखा आणि टोपी चढवली आणि राज्य केलं. थोड्याच वर्षांत सरदारांनी तिला उलथवलं, आणि ती मारली गेली. मी हे सगळं व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितलं. मारुतीभाऊ ऐकत राहिले आणि शेवटी एकच म्हणाले, "भावाशीच भांडान म्हना की." धोंडिबांनी मात्र कमिटीत एवढंच विचारलं, "हत्ती हाय का त्यात? माले गावच्या लोकांनी गेल्या साली त्यांच्या नाटकात घोडा आनला व्हता." मी हत्ती आहे म्हटलं आणि नाटक पास झालं. (हत्ती आम्ही गोणपाटाचा केला. आत दोन पैलवान. ते पुढच्या पायांच्या मानावरून भांडले, ती गोष्ट वेगळी.)

मी नाटक लिहायला बसले आणि एका युक्तीवर बेहद्द खूश झाले. राजघराण्यातली माणसं स्वतःला "आम्ही" म्हणतात ना? आम्ही येतो, आम्ही बसलो, आम्ही सोडणार नाही... हे बाई बोलली काय आणि बाप्या बोलला काय, क्रियापद तेच राहतं! रझिया तख्तावर बसली की तिच्या बोलण्यातनं बाईपण पुसलं जातं, नुसती सत्ता उरते. मी मराठीची शिक्षिका, मला हे म्हणजे घबाड सापडल्यासारखं झालं. सगळे संवाद मी "आम्ही"त बांधले. पौडचे मुलाणीचाचा, ज्यांनी आम्हाला रझियाचा अंगरखा शिवून दिला, ते मापं घेताना म्हणाले, "बाई, सुलताना लिहू नका हां. सुलताना म्हणजे सुलतानाची बायको. ही स्वतः सुलतान होती." मारुतीभाऊ हात पसरून उभे होते. ते विचारात पडले. "म्हंजी पाटलाची बायकू पाटलीन. मग बाईच पाटील झाली तर तिला काय म्हनायचं?" मी म्हटलं, पाटीलच. "मग पाटील आला म्हनायचं का पाटील आली?" मी म्हटलं, "पाटील आल्या म्हणायचं!" हे त्यांना इतकं आवडलं की पौडहून परत येताना एसटीत दर थांब्याला चढणाऱ्या बाईकडे बघून ते पुटपुटायचे, "पाटील आल्या..." कंडक्टरनं शेवटी मला विचारलं, यांना काय झालंय?

पण तालमी सुरू झाल्या आणि मारुतीभाऊंनी माझी युक्तीच पकडली. "बाई, आजवर मी बाई हाय हे लोकांना लुगडं सांगायचं, बांगड्या सांगायच्या. हितं लुगडं न्हाई. अंगरखा बाप्याचा, टोपी बाप्याची. बोलनं बी तुमी आसं लिवलंय की कळंना कोन बोलतंय. मग मी बाई हाय हे लोकांनी वळखायचं कशावरनं?" मी म्हटलं, आवाज बारीक काढा. काढला. तालमीला बसलेली मंडळी खो खो हसली. मी म्हटलं, चाल बदला. ते म्हणाले, "तुमी चालून दावा." माझी चाल बघून तर शाळेतली पोरं वर्गात पळतात, मी काय दाखवणार कपाळ!

मग त्यांनी बायका बघायचा सपाटाच लावला. भलत्या नजरेनं नव्हे, पाऊस येतोय का म्हणून माणूस आभाळ बघतो तसं. गिरणीपुढच्या रांगेत, नदीवर, खळ्यावर. आणि संध्याकाळी येऊन मला सांगायचे. "बाई, बाया हुब्या ऱ्हातात तवा एक पाय मोकळा ठिवतात. कुनी हाक मारली तर निघाया." दुसऱ्या दिवशी, "बाप्या बसला की बसतो. बाई बसली तरी अर्धी उठल्यालीच आसती." मला हे पटेना. मी आमच्या घरातल्या, शाळेतल्या सगळ्या बायका आठवून पाहिल्या, आणि मग माझ्या लक्षात आलं की हे ऐकताना मी स्वतः खुर्चीच्या कडेवर बसले होते. आम्ही दोघंही मग त्या एका प्रश्नानं पछाडलो. ही बाई तख्तावर पहिल्यांदा बसली असेल ती कशी बसली असेल? मी म्हणायची, ती राजाची मुलगी, ऐटीत बसणार. ते म्हणायचे, "राजाची आसली म्हनून काय झालं, बाईच न्हवं का? कुनी उटवंल का, ह्ये बघतच बसंल." शेवटी ठरलं असं की रझिया आधी कडेवर टेकेल, मग तिचं तिलाच कळेल की आता उठवणारं कुणी नाही, आणि मग ती मागे सरकून पाठ टेकेल. एवढंच. एका ओळीचाही संवाद नाही. त्या सरकण्याची तालीम त्यांनी इतक्या वेळा केली की हेडमास्तरांच्या खुर्चीची वेताची बैठक खचली.

आणि नेमक्या त्याच दिवसांत चावडीवर आक्काचा विषय निघाला. पुण्याच्या एका साहेबांना बंगल्यासाठी जमीन हवी होती आणि त्यांना आवडला तो रस्त्यालगतचा, ओढ्याकाठच्या भातखाचरासकट सगळा तुकडा. धोंडिबा विकायला तयार होते. वडील वारले होते, तेव्हा बहिणीची सही लागणार होती. आणि आक्का सही देईना. ती म्हणत होती, बाबानं शेवटच्या दुखण्यात दोन्ही पोरांना उशाशी बसवून सांगितलंय की ओढ्याकाठचं खाचर हौशीचं. धोंडिबा म्हणत होते, असं काही झालंच नाही. चावडी आमच्या शाळेला लागूनच, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. म्हातारी मंडळी समजुतीनं घेत होती. भावाशी वाकडं घेऊ नको, आक्का. वाटा घेतला की माहेर तुटतं. साडीचोळी घे, भाऊबीज घे, मानानं ऱ्हा. आक्का तिच्या ठसक्यात म्हणाली, "बाप बोललाय. मी सही द्यायची न्हाई. मी हितनं हलायची न्हाई." मग कुणीतरी मारुतीभाऊंकडे वळलं. तू होतास ना उशाशी, काय बोलला बाप? मारुतीभाऊ पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "मला आठवत न्हाई."

आक्का त्यांच्याकडे बघत राहिली. डोक्यावरचा पदर सारखा करून घरी आली आणि भाकरी थापायला बसली.

मी मात्र पेटले. रात्रंदिवस एकाच घरात वावरणारी माणसं, भिंतीला कान लावायची गरज नव्हती. मारुतीभाऊंना बापाचं बोलणं ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. त्यांचीही अडचण मला दिसत होती, नाही असं नाही. बायको, तीन लेकरं, सगळा कारभार धोंडिबांच्या हातात. उद्या वेगळं काढलं तर खायचं काय? पण दुसऱ्या दिवशी हेच गृहस्थ तालमीला येऊन "आमच्या पित्यानं तख्त आम्हांस दिलं" म्हणणार! मी त्यांना तोंडावर म्हटलं, "मारुतीभाऊ, लाज नाही वाटत?" दोन दिवस तालमीलाच आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते मिशी काढून, आणि मुकाट्यानं हेडमास्तरांच्या खुर्चीच्या कडेवर टेकले.

जत्रेच्या आदल्या दिवशी विजेची डीपी जळाली. गॅसबत्त्या आणाव्यात तर लग्नसराई, खोऱ्यातली एकूणएक बत्ती कुणाच्या ना कुणाच्या मांडवात. कमिटीनं डोकं खाजवून ठरवलं की कुस्त्या लवकर उरकायच्या आणि नाटक उजेडीच लावायचं. दिवसाढवळ्या नाटक! मला तर रडूच कोसळलं. बत्तीच्या उजेडात अर्धं काम उजेडच करतो. इथे लख्ख उन्हात मारुतीभाऊ उभे, रंगाखालून चेहरा काळा आणि मिशीची जागा तेवढी पांढरी फटक. समोर एका बाजूला बाप्ये, दुसऱ्या बाजूला देवळाच्या भिंतीला लागून बायका. पहिल्या रांगेत, खुर्चीवर, फेटा बांधून धोंडिबा, शेजारी माले गावचे पाहुणे. आक्का बायकांत, भिंतीला टेकून. मी विंगेत, हातात वही, प्रॉम्प्टिंगला.

पहिला अंक निभावला. हत्ती थोडा लंगडला, पण टाळ्या पडल्या. मग रझियाचा तो प्रवेश आला. मारुतीभाऊ डोक्यावरून लाल कापड घेऊन रयतेसमोर आले. माझी ओळ होती, "दिल्लीच्या रयतेनं ऐकावं! आमच्या पित्यानं हे तख्त आम्हांस दिलं आहे, आणि आम्ही ते सोडणार नाही." त्यांनी सुरुवात खणखणीत केली. "दिल्लीच्या रयतेनं ऐकावं! आमच्या पित्यानं..." आणि थांबले. मी हळूच पुढची ओळ दिली. नाही. मोठ्यानं दिली. नाही. पहिल्या रांगेतल्या माणसांनी माझा आवाज ऐकला आणि एकजण मारुतीभाऊंना सांगायलाही लागला, "तख्त, तख्त म्हनत्यात बाई." मारुतीभाऊ बायकांच्या बाजूला बघत होते. लाल कापड त्यांनी दोन्ही हातांनी हनुवटीखाली धरलं होतं, एक पाय मोकळा होता. आणि मग त्यांच्या नेहमीच्या, जाड्याभरड्या, भातखाचरातल्या आवाजात ते म्हणाले,

"बाप बोललाय. मी ऐकलंय. मी हितनं हलायची न्हाई."

हलायची! माझी सगळी "आम्ही"ची तटबंदी एका शब्दात ढासळली. आवाज बारीक केला नव्हता, पावलात नजाकत नव्हती, उन्हात मिशीची जागा चमकत होती, आणि समोर बाई उभी होती. एकही माणूस हसला नाही. कुणाचे शब्द आहेत ते तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं, चावडीवर सगळ्यांनी ऐकले होते. आणि मधलं ते "मी ऐकलंय" नाटकातलं नव्हतं की चावडीवरचंही नव्हतं. ते उशाशी बसलेल्या मुलाचं होतं. "तख्त रझियाचं!" असं ओरडायला आम्ही बाप्यांच्या गर्दीत चारजण पेरून ठेवले होते, ते आ वासून बसले. ओरडली ती बायकांतली एक म्हातारी, "आरं दिऊन टाका की तिचं तिला!" आणि मग बायकांची अख्खी बाजू हलली. धोंडिबा खुर्चीवरून उठले नाहीत. माल्याचे पाहुणे शेजारी होते ना! फेटा तेवढा लालेलाल झाल्यासारखा वाटला मला, बहुधा चेहराच असावा.

पुढे रझिया तख्तावर बसली. आधी कडेवर, मग थांबून, मागे सरकून, पाठ टेकून. बायका तेव्हाही काहीतरी म्हणाल्या, पण मला ऐकू आलं नाही, कारण मी विंगेत वही तोंडाशी धरून रडत होते. आणि मग सूर्य डोंगराआड गेला. शेवटचा अंक, ज्यात सरदार उलटतात आणि रझिया मारली जाते, तो करायला उजेडच उरला नाही. नारळ फोडला, पडदा ओढला, लोक उठले. त्यामुळे त्या खोऱ्यात रझिया मेलीच नाही. तुमचा विश्वास बसणार नाही, पण पुढे माझी बदली होईपर्यंत दर वर्षी परीक्षेच्या पेपरात "रझियाचा शेवट कसा झाला?" या प्रश्नाला कोळवणकडची मुलं उत्तर लिहायची, "ती तख्तावर बसली." घरी आई, आजी तसंच सांगायच्या. मी लाल शाई घेऊन बसायची आणि माझा हात चालायचा नाही.

पुढचं सगळं काही नाटकासारखं गोड झालं नाही. धोंडिबांनी महिनाभरात मारुतीभाऊंना वेगळं काढलं. वाटणीत मारुतीभाऊंनी रस्त्यालगतचं सगळं थोरल्याला सोडलं आणि ओढ्याकाठचं खाचर आपल्या हिश्शात मागून घेतलं, ते सरळ आक्काच्या नावावर केलं. घरात हलाखी आली. वहिनी, म्हणजे मारुतीभाऊंच्या बायको, दोन वर्षं आक्काशी धड बोलत नव्हत्या, त्यांचंही काय चुकलं म्हणा! धोंडिबांनी तर आक्काशी आणि मारुतीभाऊंशी बोलणंच टाकलं. एका गावात, एका पाणवठ्यावर, बारा-चौदा वर्षं. जत्रेला पुढच्या सालापासून पुण्याची नटी यायला लागली, मारुतीभाऊंनी मिशी ठेवली ती कायमची. माझी बदली झाली, मी पुण्याला आले, तरी दर वर्षी नवा आंबेमोहोर घेऊन ते माझ्या दारात यायचे आणि मी भात शिजायच्या आधी तोच प्रश्न विचारायची. मारुतीभाऊ, खरं सांगा, त्या दिवशी तुम्ही ओळ विसरलात, की मुद्दाम बोललात? एका वर्षी म्हणाले, "इसरलो बाई, ऊन डोळ्यावर आलं व्हतं." एका वर्षी, "लाल कापाड डोईवर घेतलं आन् आक्काच बोलाया लागली, मी काय करनार?" एकदा नुसतेच हसले. आणि एकदा, वहिनी आजारी होत्या त्या साली, पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "चावडीवर मी बाप्या व्हतो बाई. बाप्याला लई भ्या आसतं." ...

गेल्या आठवड्यात मी वाडीला जाऊन आले. वहिनींना भेटले. त्या म्हणाल्या, "आक्का रानात हायेत. बगा जरा तुमीच, कुनाचं ऐकत न्हाईत." ओढ्याकाठी गेले तर खाचरात आंबेमोहोर पिकून उभा. वास दरवळत होता, आणि लोंब्यांतून दाणा गळायला लागला होता. चहूकडची खाचरं कापून झालेली, हे एकच उभं. डोंगरावरच्या वाडीतल्या चार बाया विळे घेऊन सावलीत बसलेल्या, आणि आक्का बांधावर. मला बघून म्हणाली, "आलाव? बसा." विळेवाल्यांतल्या एका बाईनं मला हळूच सांगितलं ते मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. खाचर आक्काचं झालं, पण कसायचे ते मारुतीभाऊच, आक्काचे वाटेकरी म्हणून. आणि दर वर्षी कापायच्या आधी ते या बांधाशी येऊन डोक्यावरची टोपी काढून उभे राहायचे, आणि सगळ्या रानाला ऐकू जाईल असं विचारायचे, "सरकार, कापू का?" आक्का म्हणायची, "कापा." मग विळा लागायचा. थट्टाच ती, पण एकही साल चुकवली नाही. या साली विचारणारं कुणी नव्हतं, आणि आक्का कुणाला कापू देत नव्हती.

मी तिला चार शब्द सांगून पाहिले. भात मातीत जातंय, आक्का, त्यांना आवडलं असतं का? मला तर वाटलं, मीच उठावं आणि विचारावं... पण ते माझं नव्हतं, मी कोण? तेवढ्यात बाया उठून उभ्या राहिल्या. रस्त्याच्या अंगानं धोंडिबा येत होते. वाकले होते, हातात विळा. बांधाच्या पलीकडे येऊन ते थांबले. कुणाकडेच न बघता म्हणाले, "दाना गळतुया. कापू का?"

आक्का हलली नाही. धोंडिबांनी विळा बांधावर ठेवला. मग त्यांनी टोपी काढली. डोकं पांढरं झालं होतं सगळं. तोंडातल्या तोंडात ते काहीतरी पुटपुटले.

आक्का म्हणाली, "ऐकू न्हाई आलं."

म्हाताऱ्यानं मान वर केली आणि मोठ्यानं विचारलं, "सरकार, कापू का?"

"कापा," आक्का म्हणाली, आणि तिथंच बांधावर बसून तिनं हंबरडा फोडला. मारुतीभाऊ गेल्यापासूनचा तो तिचा पहिलाच, असं विळेवाल्या बाईनं मला नंतर सांगितलं.